खरे सांगणारा स्पीकर

हल्ली आपल्या वस्त्यांतून एक नवी मागणी घराघरांत येऊ लागली आहे. पूर्वी मुलगा सायकल मागत असे, मग मोबाईल मागू लागला, आता तो म्हणतो, "बाबा, मला मॉनिटर घ्यायचे आहेत." बापाला वाटते कॉम्प्युटरचा पडदा बिघडला. मग उलगडा होतो की पोरगा स्पीकर मागतो आहे, आणि तोही एक नव्हे, जोडी. किंमत ऐकून आई विचारते, "अरे, आपल्याकडे एक स्पीकर आहे ना? जयंतीला वाजवतो तो?" प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचे उत्तर मागणाऱ्या पोरालाही पुष्कळदा धड देता येत नाही. कोणीतरी सांगितले, कुठेतरी फोटो पाहिला, म्हणून हवे, एवढेच. घरातले पैसे तर खरेच जाणार असतात. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

आम्ही गवई नाही, ध्वनितज्ज्ञही नाही. आम्ही कारकून आहोत. पण गेली कित्येक वर्षे कलापथकाच्या जमाखर्चाची वही आमच्याकडे आहे. गाणी ध्वनिमुद्रित करायची म्हणजे पैसा आला, आणि पैसा आला म्हणजे आम्ही आलो. त्या निमित्ताने भाड्याच्या स्टुडिओत तासन्‌तास बसणे झाले, पोरांबरोबर दुकाने पालथी घातली, आणि तीन घरांतले स्टुडिओ आमच्या डोळ्यांदेखत उभे राहिले. (तिघांपैकी एक स्टुडिओ मुलीचा आहे. गाणे तीच गाते, यंत्रेही तीच हाताळते. तरी येणारे-जाणारे "भाऊ कुठे आहे?" असे तिलाच विचारतात. असो.)

कॅसेटच्या जमान्यात गाणे बाहेर यायचे तर कंपनीचे दार ठोठवावे लागे. स्टुडिओ तासाच्या भाड्याने मिळे. वादक, गायक, कोरस सारे एका दिवसात उरकावे लागे. तरीही ऐंशी-नव्वदच्या दशकात भीमगीतांच्या कॅसेटी घराघरांत पोहोचल्या, हे त्या कलावंतांचे मोठेपण. आज एक लॅपटॉप, एक माईक आणि ऑडिओ इंटरफेस म्हणतात ती छोटी डबी, एवढ्यावर दहा बाय बाराच्या खोलीत गाणे तयार होते आणि त्याच रात्री हजारो लोकांच्या मोबाईलवर जाते. दार ठोठवणे संपले. ही लहानसहान गोष्ट नव्हे.

पण मग होते काय? पोरगा रात्र रात्र जागून गाणे तयार करतो. त्याच्या खोलीत ते झकास वाजते. मित्र टाळ्या देतात. तेच गाणे आत्याच्या मोबाईलवर लावले की ढोलकी पार गायब, आणि मिरवणुकीच्या गाडीवरच्या मोठ्या बॉक्सवर लावले की नुसता धडधडाट, शब्द एकही कळत नाही. आपल्या गाण्यात शब्द हेच सर्वस्व आहे. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची गाणी लोकांच्या तोंडी बसली ती शब्दांमुळे. १९३०च्या दशकातल्या जलशांपासून ही परंपरा चालत आली आहे: लोकांना गाण्यातून काही सांगायचे असते. शब्दच पोहोचले नाहीत तर उरला तो फक्त ठेका, आणि ठेका कोणाच्याही गाण्याला चालतो.

दोष गायकाचा नसतो, पोराच्या कानाचाही नसतो. ज्या स्पीकरवर ऐकून त्याने गाण्याचा तोल साधला, तो स्पीकर त्याच्याशी खोटे बोलत होता.

बाजारात मिळणारा घरगुती म्युझिक सिस्टीमचा स्पीकर ग्राहकाला खूष करण्यासाठी बनवलेला असतो. तो खालचा आवाज थोडा फुगवतो, वरचा आवाज थोडा चमकवतो, म्हणजे कोणतेही गाणे लावा, बरेच वाटते. ऐकायला यात काही गैर नाही. पण त्याच्यावर गाणे बनवायचे म्हणजे तोंडपुज्या हिशेबनिसाकडून ताळेबंद करून घेणे. त्याने फुगवलेला आकडा तुम्ही खरा धरता, आणि जिथे खालचा आवाज कमी आहे तिथे तो पुरेसा आहे असे समजून पुढे जाता. मॉनिटर स्पीकर हा लेखापरीक्षक आहे. त्याचे काम कौतुक करणे नव्हे. जेवढे आहे तेवढेच दाखवणे, बेसूर लागला तर तो बेसूर ऐकवणे, शब्द दबला तर दबलेलाच ऐकवणे, हे त्याचे काम. म्हणून दुकानात पहिल्यांदा मॉनिटर ऐकल्यावर पुष्कळांना तो कोरडा, रूक्ष वाटतो. आईने जयंतीच्या स्पीकरबद्दल विचारले त्याचे उत्तर हे आहे. तो स्पीकर लोकांना ऐकवण्यासाठी आहे, हा स्वतःला तपासण्यासाठी.

या धंद्यातली एक हकीकत मोठी बोलकी आहे. जपानच्या यामाहा कंपनीने १९७८ साली एनएस-१० नावाचा स्पीकर काढला. तो काढला होता घरात गाणी ऐकणाऱ्यांसाठी. त्यांनी त्याला नाके मुरडली, कारण तो गोड वाजत नव्हता. पण स्टुडिओतल्या ध्वनिअभियंत्यांच्या लक्षात आले की यावर जे गाणे चांगले वाजते ते बाहेर कुठेही चांगले वाजते. पाहता पाहता तो पांढऱ्या पडद्याचा, काळ्या खोक्याचा स्पीकर जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला. २००१ मध्ये कंपनीने तो बनवणे बंद केले, तोवर तो या व्यवसायाची ओळख झाला होता. २००८ साली याच स्पीकरसाठी यामाहाला ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २००१ साली त्याचा अभ्यास केला. त्यांना असे दिसले की त्याचा खालचा आवाज फार खोल जात नाही, पण जो निघतो तो चटकन थांबतो, मागे घोळत राहत नाही. ढोलकीची थाप पडली की पडली आणि संपली की संपली, असे ऐकू आले तरच पुढचा शब्द मोकळा आहे की थापेखाली दबला आहे, हे कळते.

दुसरे उदाहरण बीबीसीचे. बाहेरगावच्या कार्यक्रमांच्या प्रक्षेपणासाठी त्यांच्या गाड्या असत आणि गाडीत जागा ती किती असणार? अशा अडचणीच्या जागेसाठी बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकात एलएस३/५ए नावाचा जेमतेम एक फूट उंचीचा स्पीकर तयार केला. माणसाचा बोलण्याचा आवाज त्यावर नैसर्गिक वाटावा यावर त्यांचा भर होता. छोट्या खोलीत राहणाऱ्या आपल्या पोरांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. छोट्या जागेला छोटाच स्पीकर लागतो, त्यात कमीपणा काही नाही.

आता खोलीकडे वळू, कारण खरी गोम तिथेच आहे. स्पीकर कितीही खरा असला तरी तुमच्या कानापर्यंत आवाज येतो तो खोलीतून, आणि खोली फार मोठी थापाडी असते.

इथे थोडा हिशेब करावा लागेल, वाचकांनी कंटाळू नये. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये तो आपटून परत येतो, आणि भिंतींमधले अंतर ज्या सुराच्या लहरीच्या निम्मे असेल, तो सूर त्या खोलीत घुमू लागतो. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. ३४३ला ३.०५च्या दुपटीने भागले की उत्तर येते ५६. म्हणजे दहा फुटांच्या भिंतींमध्ये सेकंदाला ५६ कंपनांचा, म्हणजेच ५६ हर्ट्झचा खोल सूर घुमणार. बारा फुटांसाठी हा आकडा ४७ येतो आणि नऊ फूट उंचीच्या छतासाठी ६३. खोली दहा बाय दहाची चौकोनी असेल तर दोन्ही बाजूंनी ५६च येतो आणि तो सूर दुप्पट जोमाने उसळतो. म्हणून दोन खोल्यांपैकी निवड करता येत असेल तर चौरस खोली टाळावी, लांबट घ्यावी.

गंमत पुढे आहे. हा घुमणारा सूर भिंतीजवळ सर्वांत जास्त ऐकू येतो आणि दोन भिंतींच्या बरोबर मध्ये जवळजवळ नाहीसा होतो. विश्वास बसत नसेल तर करून पाहा. मोबाईलवर सूर निर्माण करणारे फुकट अ‍ॅप मिळते. त्यावर ५६चा सूर लावा, तो स्पीकरमधून हळू आवाजात वाजवा आणि दहा फुटी खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चाला. एकाच खोलीत, एकाच स्पीकरवर, तोच सूर एके ठिकाणी छातीत भरेल आणि दोन पावलांवर गायब होईल. आता कल्पना करा, पोराने खुर्ची बरोबर खोलीच्या मध्यावर टाकली आहे. त्याला खालचा आवाज ऐकूच येत नाही. तो वाढवतो. अजून वाढवतो. गाणे मिरवणुकीच्या बॉक्सवर गेले की धडाम! त्याचा शेजारी भिंतीला टेकून बसतो, त्याला खालचा आवाज उतू जाताना ऐकू येतो, तो कमी करतो, आणि त्याचे गाणे सगळीकडे पिचके वाजते. दोघांचे स्पीकर एकाच कंपनीचे, एकाच किमतीचे.

म्हणून खरेदीच्या आधी बसण्याची जागा ठरवावी. तोंड आखूड भिंतीकडे करावे, म्हणजे खोलीची लांबी पाठीमागे राहते. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या सुमारे ३८ टक्क्यांवर डोके यावे, अशी सुरुवातीची खूण जाणकार सांगतात. बारा फुटी खोलीत ते साडेचार फूट भरते. तिथून वीतभर पुढे-मागे सरकून ऐकत जावे. दोन्ही स्पीकर आणि आपले डोके मिळून समान बाजूंचा त्रिकोण व्हावा, बाजू तीन-चार फुटांची. वरचा छोटा स्पीकर, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो कानाच्या उंचीला असावा. डावी-उजवीकडच्या भिंती सारख्या अंतरावर असाव्यात. एका बाजूला उघडी खिडकी आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी कपाट असले की डावा-उजवा तोल बिघडलाच.

स्पीकर मागच्या भिंतीपासून किती दूर ठेवावा हाही हिशेबाचाच भाग आहे. स्पीकरचा पुढचा भाग भिंतीपासून दोन फुटांवर असेल तर भिंतीवरून परतलेला आवाज सुमारे १४० हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजालाच खाऊन टाकतो. पुरुषाच्या बोलण्याचा खर्ज याच पट्ट्यात असतो! छोट्या खोलीत यावर सोपा मार्ग म्हणजे स्पीकर भिंतीच्या बराच जवळ, चार-पाच बोटे हवा सोडून ठेवणे. त्याने खड्डा वरच्या पट्टीत सरकतो आणि तिथे तो गादीसारख्या जाड पॅनेलने आवरता येतो. भिंतीमुळे खालचा आवाज वाढतो, तो स्पीकरच्या मागच्या कळीने कमी करायचा. यामाहाच्या एचएस५ या २०१३ सालच्या मॉडेलला मागे अशी कळ आहे. ५०० हर्ट्झच्या खालचा आवाज तिने २ किंवा ४ डेसिबलने उतरवता येतो. स्पीकर घेताना अशी कळ आहे का हे जरूर पाहावे. आमच्या मते ती असणे हे आणखी एक इंच मोठा पडदा असण्यापेक्षा मोलाचे आहे.

अंड्यांचे ट्रे भिंतीवर चिकटवण्याची मोठी साथ आहे. त्यांचा उपयोग नाही. वरचे आवाज ते थोडे मऊ करतात, खालच्या घुमण्यावर काडीचा परिणाम होत नाही, आणि बाहेर आवाज जायचा तो जातोच. शिवाय कागद तो, पेट घ्यायला वेळ लागत नाही. पातळ फोमचेही तसेच. स्वस्त फोम जळू लागला की त्याचा धूर जीवघेणा असतो. ज्या खोलीत रात्री लहान मुले झोपतात तिथे या गोष्टी भिंतीवर नकोत. त्याऐवजी रॉकवूलचे चार इंच जाड पट्टे लाकडी चौकटीत बसवून वर सुती कापड ताणावे. चौकट वस्तीतला सुतार करून देतो, कापड घरच्या मशीनवर शिवता येते. रॉकवूल हाताळताना हातमोजे घालावेत, तोंडाला फडके बांधावे. दोन पॅनेल समोरच्या कोपऱ्यांत उभे, दोन डाव्या-उजव्या भिंतीला, जिथून आवाज आपटून कानाला येतो तिथे. जागा शोधायची युक्ती सोपी आहे. एकाने खुर्चीत बसावे, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. आरशात ज्या जागी स्पीकर दिसेल ती जागा. तेवढेही जमत नसेल तर घडी केलेली कापसाची गादी मागच्या भिंतीला उभी करावी. गोधडीचाही उपयोग होतो, फक्त तिच्याने खालचा आवाज आवरेल ही अपेक्षा ठेवू नये.

आणि भांड्यांची मांडणी! एका घरी आम्ही पाहिले, कोणत्याही गाण्यात एक बारीक किणकिण ऐकू येई. माईक बदलून झाला, वायरी बदलून झाल्या. अखेर त्या पोराची आजी म्हणाली, "अरे, तो तांब्या वाजतोय." मांडणीवरचा तांब्या खालच्या सुराला थरथरत होता. एकाच खोलीत स्वयंपाक आणि स्टुडिओ असला की स्टीलची भांडी, कपाटाची दारे, खिडकीची काच सारे गाऊ लागते. स्पीकर टेबलावर नुसता ठेवला तर टेबलही गाते. त्याखाली जाड रबर घालावे, किंवा सिपोरेक्सच्या विटा रचून वर कडप्प्याचा तुकडा ठेवावा. दुकानातल्या स्टँडपेक्षा हे स्वस्त पडते आणि हलत नाही.

इतके झाल्यावर स्पीकर किती मोठा घ्यावा याचे उत्तर आपोआप मिळते. दहा-बारा फुटी खोलीत पाच इंची पडद्याची जोडी पुरते. आठ इंची जोडी खोल आवाज काढते खरी, पण तो आवाज ज्या खोलीला पेलत नाही तिथे ती जोडी खोलीचे दोषच मोठे करून ऐकवते. एचएस५ खाली ५४ हर्ट्झपर्यंत जातो आणि त्याचा आठ इंची भाऊ एचएस८ ३८ पर्यंत, असे कंपनी सांगते. इथे कागदपत्र वाचायची सवय कामी येते. हे आकडे आवाज १० डेसिबल उतरलेला धरून दिलेले आहेत. जेबीएलच्या ३०५पी मार्क-टू या पाच इंची मॉडेलच्या कागदावर दोन्ही आकडे आहेत. ३ डेसिबलच्या मर्यादेत ४९ आणि १० डेसिबल उतरून ४३. एकच स्पीकर, आकडे दोन. एका कंपनीचा पहिला आकडा दुसरीच्या दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहणारा फसतो. वॅटचेही तसेच. वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. जो दुकानदार आधी वॅट सांगतो, त्याच्याकडून मॉनिटर घेताना दोनदा विचार करावा.

आता एक गोष्ट खास आपल्या गाण्यांची. 'भीम', 'बुद्ध', 'धम्म', 'फुले' हे शब्द उच्चारताना तोंडातून हवेचा झोत निघतो. 'भ', 'ध', 'फ' ही अक्षरेच तशी. तो झोत माईकवर आपटला की अगदी खाली, शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याहून खाली, एक धप्पा नोंदला जातो. पाच इंची स्पीकरवर तो कधी कधी लक्षातही येत नाही. पण मोठ्या बॉक्सवर तेच गाणे लागले की दर 'भीम'ला एक अनाहूत धक्का बसतो, आणि ज्या शब्दासाठी गाणे लिहिले तोच शब्द फुटतो. उपाय सोपे आहेत. माईकपुढे जाळीचा पडदा लावावा, गायकाने माईकच्या किंचित बाजूला गावे, आणि आवाजाच्या पट्टीवर सुमारे ८० हर्ट्झच्या खालचा भाग छाटावा. बाईच्या आवाजासाठी आणखी वर छाटले तरी चालते. शेवटी एकदा हेडफोनवर खालचा आवाज तपासावा, कारण हेडफोनला खोली नसते. मात्र सगळे गाणे हेडफोनवरच बनवू नये. हेडफोनवर डावा आवाज फक्त डाव्या कानाला, उजवा फक्त उजव्याला, असे होते. स्पीकरसमोर दोन्ही कान दोन्ही आवाज ऐकतात. त्यामुळे मधोमध असलेला गायकाचा आवाज हेडफोनवर वेगळाच बसतो.

मोबाईलवर तपासणे तर हवेच. पूर्वी मोठमोठ्या स्टुडिओंत ऑराटोन नावाचा वीतभर घनाकृती स्पीकर याच कामासाठी ठेवत. १९८२च्या 'थ्रिलर'चे ध्वनिअभियंते ब्रूस स्वीडीन यांचाही त्यावर भरवसा होता. लोकांच्या घरच्या रेडिओ-टीव्हीवर गाणे कसे लागेल, हे त्यावर कळे. आज ते काम मोबाईल करतो. मोबाईलच्या स्पीकरला खालचा आवाज जवळपास नाहीच, म्हणून ढोलकीची फक्त धूम धरून बसू नये. तिची चाटीही ऐकू येईल अशी ठेवावी.

आवाज किती मोठा ठेवून काम करावे? १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की आवाज हळू असला की माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, आवाज मोठा झाला की ते भरून येतात. म्हणून दर वेळी वेगळ्या आवाजावर काम केले की दर वेळी वेगळाच तोल साधला जातो. त्या मुलीने यावर नामी उपाय काढला आहे. स्पीकरच्या बटणावर एका जागी तिने टिकली चिकटवली आहे, आणि काम नेहमी त्या टिकलीवरच. समोर बसलेल्या माणसाशी आवाज फारसा न चढवता बोलता यावे, इतकाच तो असतो. ८५ डेसिबलवर आठ तास ही कानाची मर्यादा अमेरिकेच्या आरोग्य संस्थेने घातली आहे, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ८८ झाले की चारच तास. कान गेले की ते कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पलीकडच्या घरात दहावीचा अभ्यास करणारे कोणी असते, पहाटपाळीला जाणारे कोणी असते. पॅनेल लावल्याने आवाज बाहेर जायचा थांबत नाही. तो थांबतो तो जाड, जड भिंतीने. म्हणून रात्री दहानंतर हेडफोन, हा नियम घरातच करावा.

पैशाची वाटणी आम्ही अशी सुचवतो. जमलेल्या रकमेचे दहा भाग करावेत. सहा स्पीकरला, दोन खोलीच्या पॅनेलना, एक वायरी, रबर आणि माईकच्या जाळीला, आणि एक भाग हातात राखून ठेवावा, कारण काहीतरी विसरलेले असतेच. बहुतेक पोरे दहाही भाग स्पीकरवर घालतात. बचत गटाचे किंवा पतपेढीचे कर्ज काढून आठ इंची जोडी घेण्यापेक्षा हातातल्या पैशात पाच इंची घ्यावी. पहिल्या वर्षी या खोलीतून उत्पन्न येईल असे धरू नये, हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून येतो. जुन्या एनएस-१०च्या मागे लागू नये. नावामुळे किंमत चढलेली असते, आणि त्याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायरही लागतो. आजच्या मॉनिटरमध्ये तो आतच असतो.

दुकानात जाताना घरातल्या सर्वांना पाठ असलेली दोन गाणी बरोबर न्यावीत. प्रल्हाद शिंदे किंवा विठ्ठल उमप यांचे एखादे घ्यावे, ज्यातला श्वास न् श्वास ओळखीचा आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, अशा ठिकाणी हिंडून चौकशी जरूर करावी, पण ऐकल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा. जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. डोळे मिटून फक्त शब्द ऐकावेत. 'स' आणि 'श' टोचतात का, कोरसमधल्या बायकांचे आवाज वेगवेगळे ऐकू येतात का, पेटीच्या भरण्याखाली गायक दबतो का. घरी आणल्यावर आणखी एक परीक्षा घ्यावी. तयार झालेले गाणे, जे कधी ऐकलेले नाही अशा माणसाला ऐकवावे आणि त्याला शब्द कागदावर लिहायला सांगावे. जिथे त्याची पेन्सिल थांबते, तिथे कुठले वाद्य शब्दावर चढले आहे ते पाहावे.

वायरी तीन-तारी, बॅलन्स्ड म्हणतात त्या घ्याव्यात. जुन्या चाळींत अर्थिंग धड नसते आणि स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येतो. तो घालवण्यासाठी पुष्कळ जण प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात. हे कदापि करू नये. ती पिन जिवाच्या रक्षणासाठी आहे. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे, लॅपटॉप आणि दोन्ही स्पीकर एकाच बोर्डावर लावावेत. अमेरिकेतून कोणी नातेवाईक स्पीकर आणून देत असेल तर मागची चिठ्ठी आधी वाचावी. तिथला दाब १२० व्होल्ट, आपला २३०. लावला की जळाला. बिल पक्के, जीएसटीचे घ्यावे. त्यावर दोन्ही स्पीकरचे अनुक्रमांक लिहून घ्यावेत, एकाचा नव्हे. आणि खोकी निदान वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवावीत. दुरुस्तीला पाठवायची वेळ आली की त्या खोक्यांतूनच पाठवणे सोयीचे पडते.